बातमी न आलेल्या घरातला सब्र



ज्या घरात मृत्यू आला, त्या घराने काय करावे हे इस्लामने आपल्याला तपशिलाने शिकवले आहे. मय्यतीला गुसल द्यावे, कफन घालावे, जनाजाची नमाज पढावी आणि विलंब न लावता दफन करावे. इतर आप्तांनी तीन दिवसांहून अधिक शोक पाळू नये. पत्नीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी. मुअताच्या लढाईत (हिजरी ८) हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) स्वतः त्यांच्या घरी गेले, मुलांना जवळ घेतले, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. मग त्यांनी लोकांना सांगितले, की या घरासाठी जेवण तयार करा, कारण आज त्यांना चूल पेटवण्याचे भान नाही. या सर्व आदेशांमागे एक मोठी करुणा आहे. दुःखाला येथे सुरुवात दिलेली आहे आणि मर्यादाही दिलेली आहे.

परंतु मृत्यू आला की नाही हेच ज्या घराला ठाऊक नाही, त्या घराने काय करावे? माणूस गेला, पण मय्यत नाही, कबर नाही, तारीख नाही. इद्दत मोजायची तर कोणत्या दिवसापासून? दुआ करायची ती मगफिरतीची, की सुखरूप परतण्याची? पैगंबरांच्या शिकवणीनुसार खरा सब्र तो, जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो. मात्र या घरात पहिला आघात एकदाच येत नाही. दारावर थाप पडली की तो येतो, अनोळखी क्रमांकावरून फोन आला की पुन्हा येतो. वर्षानुवर्षे प्रत्येक आघात पहिलाच असतो.

सिरियातील घरे

हा प्रश्न आपल्या काळात सर्वाधिक तीव्रतेने सिरियातील घरांपुढे उभा राहिला. मार्च २०११ मध्ये तेथे निदर्शने सुरू झाली, त्यांचे रूपांतर गृहयुद्धात झाले आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी बशर अल-असद यांची राजवट कोसळली. या सुमारे चौदा वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे बेपत्ता झाल्याचे मानवाधिकार संस्था सांगतात. कुणाला नाक्यावर उतरवून घेतले, कुणाला रात्री घरातून उचलले, कुणी कामावर गेला तो परतला नाही. बहुसंख्य माणसे सरकारी तुरुंगांत गडप झाली. दाइश आणि अन्य सशस्त्र गटांनी पळवून नेलेलीही अनेक आहेत. त्यांच्या शोधासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जून २०२३ मध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापन केली.

लढाईच्या बातम्यांत शहरे आणि सेना दिसतात, घर दिसत नाही. पण युद्ध घरातही चालू असते. पहाटे भाकरीच्या रांगेत उभे राहायचे. हिवाळ्यात डिझेलवर चालणारी शेगडी किती वेळ पेटवायची याचा हिशेब करायचा. वीज दिवसातून जे काही तास येईल, त्या तासांत पाणी भरायचे आणि कपडे धुवायचे. ज्या घरातला कर्ता पुरुष बेपत्ता आहे, तेथे हे सारे त्याच्या पत्नीवर किंवा आईवर येते. शिवाय कागदांचा प्रश्न असतो. मृत्यूचा दाखला नाही म्हणून ती विधवा नाही, आणि नवरा समोर नाही म्हणून त्याच्या नावावरचे घर, मुलांचे कागद, प्रवासाची परवानगी, सारे अडून राहते. अशा घरांभोवती दलाल फिरतात. तुमचा मुलगा अमुक तुरुंगात जिवंत आहे, पैसे द्या, भेट घडवतो, असे सांगतात. दागिने विकून पैसे दिले जातात. भेट होत नाही.

२०१८ मध्ये आणखी एक प्रकार घडला. सरकारने नागरी नोंदवह्यांत अनेक बेपत्ता कैद्यांच्या मृत्यूच्या नोंदी गुपचूप केल्या. एखादी आई कुटुंबाच्या नोंदीचा उतारा काढायला कचेरीत गेली, तर मुलाच्या नावापुढे मृत्यूची तारीख लिहिलेली. तीही चार-पाच वर्षांपूर्वीची. देह मिळाला नाही, कबर दाखवली नाही. ज्या दिवशी तो गेला, त्यानंतर कितीतरी रात्री ती त्याच्या सुटकेसाठी दुआ करत बसली होती, हे तिला एका कारकुनाच्या खिडकीपाशी कळले.

आणि मग डिसेंबर २०२४ आला. दमास्कसच्या उत्तरेला असलेल्या सैदनाया तुरुंगाची दारे उघडली आणि हजारो माणसे तिकडे धावली. जमिनीखाली गुप्त कोठड्या आहेत, त्यांत अजून माणसे आहेत, अशी वार्ता पसरली. लोकांनी फरशा फोडल्या, भिंती खोदल्या. बचाव पथकांनी शोध घेतला आणि अखेर सांगितले, की गुप्त कोठड्या नाहीत. काही कैदी जिवंत घरी गेले, पण बहुतेक घरांचे माणूस त्यांच्यात नव्हते. दमास्कसच्या मरजा चौकातील स्तंभ बेपत्ता माणसांच्या छायाचित्रांनी भरून गेला. हे वाचताना आपण जरा थांबावे. ज्या घरांनी दहा-बारा वर्षे दार उघडण्याची वाट पाहिली, त्यांच्यासाठी दार उघडले. आणि आत कुणी नव्हते.

एका घरात दोन माणसे

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. अशा घरात एकच दुःख नसते. आई म्हणते, माझा मुलगा जिवंत आहे, त्याच्या नावाने मगफिरतीची दुआ कुणी करू नये. सून बावीसाव्या वर्षी एकटी पडली, आज तिची तिशी उलटून गेली आहे. ती म्हणते, आता मला सत्य मानू द्या; मला आणि लेकरांना पुढचे आयुष्य आहे. आईला वाटते, सुनेने विश्वासघात केला. सुनेला वाटते, सासूने तिला जिवंतपणी कबरीत ठेवले आहे. दोघीही नमाज पढतात, दोघीही अल्लाहपुढे रडतात, दोघीही म्हणतात की आम्ही सब्र करतो आहोत. खरा सब्र कुणाचा?

मराठीत आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो. डोळे रस्त्याकडे लागलेले असावेत, हे चित्र त्या शब्दांतच आहे. ‘सब्र’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र रोखून धरणे, आवरणे असा आहे. जीभ तक्रारीपासून रोखावी, हात अन्यायापासून रोखावा, मन अल्लाहच्या रहमतीविषयीच्या निराशेपासून रोखावे. याचा अर्थ वाट पाहणे हा सब्र असू शकतो, पण सब्र म्हणजे केवळ वाट पाहणे नव्हे. हा फरक ध्यानी न घेतल्यामुळे आपल्या समाजात किती स्त्रियांवर अन्याय झाला आहे!

कुरआनातील दोन हरवलेली मुले

पवित्र कुरआनात हरवलेल्या मुलांच्या दोन कथा आहेत. पहिली हजरत यूसुफ (अ.) यांची. भावांनी वडिलांपुढे खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणून ठेवला. म्हणजे मृत्यूचा खोटा दाखलाच आणला. हजरत याकूब (अ.) यांनी तो मानला नाही आणि सब्रे जमील, सुंदर सब्र, हा मार्ग पत्करला. पण या सुंदर सब्राचे स्वरूप कसे होते? सूरह यूसुफमध्ये आपण वाचतो, की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. मुलगे त्यांना बोल लावू लागले, की यूसुफची आठवण काढत तुम्ही स्वतःचा नाश करून घ्याल. ते उत्तरले, की मी माझे दुःख अल्लाहपाशीच मांडतो. आणि लगेच त्यांनी मुलांना आज्ञा केली, की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या.

दुसरी कथा हजरत मूसा (अ.) यांच्या मातेची. बाळाला नदीत सोडल्यावर त्या माऊलीचे हृदय रिते झाले. अल्लाहने तिचे काळीज घट्ट बांधले नसते तर तिने गुपित उघड केले असते, असे सूरह कससमध्ये आले आहे. तिनेही काय केले? मुलीला बाळाच्या मागावर पाठवले.

या दोन्ही कथांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रडणे सब्राच्या विरुद्ध नाही. पैगंबर (स.) यांनीही आपला चिमुकला मुलगा इब्राहीम गेला तेव्हा अश्रू ढाळले आणि असे अश्रू म्हणजे रहमत असल्याचे सांगितले. दुसरी गोष्ट, सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. ज्याचे माणूस हरवले आहे त्याने शोधावे, विचारावे, दारे ठोठवावीत. सिरियातील ज्या माता आणि भगिनी छायाचित्रे हाती घेऊन वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या, त्या बेसब्र नव्हत्या; त्या हजरत याकूब (अ.) यांच्या आज्ञेवर चालत होत्या.

परंतु येथे एक कठीण प्रश्न आपण टाळू नये. कुरआनातील दोन्ही मुले परत आली. सैदनायाच्या दारातून हजारोंची मुले परत आली नाहीत. त्या आईवडिलांची आशा कमी पडली काय? त्यांची दुआ खोटी होती काय? मआजल्लाह! हजरत याकूब (अ.) यांनी मुलांना स्पष्ट सांगितले होते, की अल्लाहकडून मला ते ठाऊक आहे जे तुम्हाला ठाऊक नाही. मूसा (अ.) यांच्या मातेला तर बाळ परत मिळेल असे वचनच मिळाले होते. त्यांची आशा त्या ज्ञानावर उभी होती. आपल्याला असे ज्ञान दिलेले नाही. म्हणून हजरत याकूब (अ.) यांचा कित्ता गिरवण्याच्या नावाखाली, ‘तू मृत्यू मानलास म्हणजे तू अल्लाहच्या रहमतीपासून निराश झालीस’ असे कुणाला सुनावणे हे अज्ञान आहे. निराशा हराम आहे ती अल्लाहच्या रहमतीविषयी. आणि अल्लाहची रहमत मृत्यूपाशी संपत नाही. मुलगा गेला असे मानून त्याच्या मगफिरतीसाठी हात उचलणारी आईसुद्धा आशाच करत असते.

फकिहांनी काय केले

आपल्या फकिहांना हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. बेपत्ता माणसाला फिकहमध्ये ‘मफकूद’ म्हणतात. हनफी मसलकाचा नियम असा, की मफकूद स्वतःच्या हक्कांपुरता जिवंत आणि दुसऱ्यांच्या हक्कांपुरता मृत समजावा. त्याची मालमत्ता वाटू नये. आणि कुणी नातेवाईक वारला तर त्याचा वारसाहिस्सा राखून ठेवावा, त्याला परस्पर मालक करू नये. पत्नीच्या बाबतीत सहाबांमध्येच दोन मते आढळतात. हजरत अली (रजि.) यांच्या नावाने सांगितले जाते, की ती कसोटीत सापडलेली स्त्री आहे, तिने निश्चित बातमी येईपर्यंत सब्र करावा. हजरत उमर (रजि.) यांनी मात्र चार वर्षे प्रतीक्षा, मग चार महिने दहा दिवस इद्दत, आणि त्यानंतर ती निकाहास मोकळी, असा निर्णय दिला. इमाम मालिक (रह.) यांनी तो आपल्या मुवत्तामध्ये नोंदवला.

मालिकी मसलकाची एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पत्नीच्या बाबतीत काझी चार वर्षांनी निर्णय देतो, पण त्याच माणसाची मालमत्ता तेव्हा वाटली जात नाही. माणसाचे सर्वसाधारण आयुष्यमान पुरे होईपर्यंत ती राखली जाते. म्हणजे एकाच माणसाबद्दल एकाच वेळी दोन उत्तरे. पत्नीसाठी तो गेला, आणि मालमत्तेपुरता अजून जिवंत. मुसलमानांच्या आपसातील लढाईत जो रणांगणावर दिसला आणि पुन्हा दिसला नाही, त्याच्यासाठी तर याच मसलकात वेगळा, सोपा नियम आहे: दोन्ही फौजा पांगल्या की पत्नीची इद्दत सुरू. गृहयुद्धातील घरे फकिहांच्या नजरेतून सुटली नव्हती.

हा प्रश्न फक्त शामच्या भूमीचा आहे असेही समजू नका. ब्रिटिश काळात भारतातील न्यायालये हनफी नियमानुसार निवाडे देत. त्या नियमाप्रमाणे मफकूदच्या समवयस्कांची हयात संपेपर्यंत पत्नीने वाट पाहायची. म्हणजे प्रत्यक्षात आयुष्यभर. अशा बंधनातून सुटण्यासाठी काही स्त्रियांनी इस्लामच सोडल्याचा डाव केला, काहींनी खरोखर सोडला. उलमांना याने हादरा बसला. मौलाना अशरफ अली थानवी (रह.) स्वतः हनफी असूनही त्यांनी मालिकी उलमांशी पत्रव्यवहार केला आणि १९३० च्या दशकात ‘अल-हीलतुन्नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मफकूदच्या पत्नीसाठी मालिकी मत स्वीकारले. पुढे १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियमात तरतूद झाली, की पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नीला विवाह विच्छेदाचा हुकूमनामा मिळू शकेल. तो हुकूमनामा सहा महिने अंमलात येत नाही. तेवढ्यात पती परतला आणि संसार करण्यास तयार असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर तो रद्द होतो. आपल्यापैकी कित्येकांना हा कायदा ठाऊक नाही. ज्यांच्या वस्तीत अशी एखादी भगिनी असेल, त्यांनी तिला तो अवश्य सांगावा.

आशा कुणाची?

या सर्व चर्चेतून शरीअतची जी दृष्टी मला दिसते, ती थोडक्यात अशी: आशा हा ज्याचा त्याचा हक्क आहे, पण आपल्या आशेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याचा हक्क कुणाला नाही. आईने आयुष्यभर वाट पाहिली तर तिला कुणी नावे ठेवू नयेत. तिच्या मुलाचे कपडे कपाटातून काढून टाकण्याची घाई कुणी करू नये. पण तिची वाट पाहणे हा सुनेवरचा हुकूम होऊ नये. आणि सुनेने पुढचे पाऊल टाकले तर ते त्या मुलाच्या मृत्यूवर तिने केलेली सही आहे, असे आईनेही मानू नये.

लेबनॉनमध्ये हे फार कटू रीतीने दिसले. तेथील गृहयुद्ध १९७५ पासून १९९० पर्यंत चालले. हजारो माणसे बेपत्ता झाली. १९९५ मध्ये एक कायदा झाला, की चार वर्षे बेपत्ता असलेल्याला त्याच्या कुटुंबाने अर्ज करून मृत घोषित करून घ्यावे. कित्येक कुटुंबांनी नकार दिला. ज्यांनी माणूस नेला ते मोकळे, आणि त्याच्या मृत्यूचा अर्ज मात्र आईने करायचा! ती म्हणाली, मी माझ्या हाताने त्याला मारणार नाही. सत्य शोधून कुटुंबाला कळवण्याचा हक्क मान्य करणारा कायदा तेथे व्हायला २०१८ उजाडले. शोध न घेता हाती दिलेला कागद सांत्वन करत नाही. हजरत याकूब (अ.) यांच्यापुढे ठेवलेला सदराही एक पुरावाच होता.

आपले कर्तव्य

म्हणून माझ्या मते या प्रश्नात सर्वांत मोठी जबाबदारी घरातल्या दुःखितांवर नसून ज्यांना सत्य ठाऊक आहे त्यांच्यावर आहे. साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी आहे, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे. ज्याने देह कोठे पुरले ते पाहिले, ज्याने यादी लिहिली, ज्याने चावी फिरवली, तो जोवर गप्प आहे तोवर एक घर रोज नव्याने लुटले जात आहे. जाफर (रजि.) यांच्या घरी बातमी घेऊन स्वतः पैगंबर (स.) गेले होते, हे आठवा. दुःखाची खरी बातमी सन्मानाने पोहोचवणे ही सुन्नत आहे. खोटी आशा विकणे हा जुलूम आहे, आणि खऱ्याखोट्याची खातरजमा न करता ती पुढे पाठवणे हाही त्याच जुलमाचा हिस्सा आहे.

दुसरे कर्तव्य त्याहून अवघड आहे. गृहयुद्धात भाकरीच्या एकाच रांगेत दोन माता उभ्या असतात. एकीचा मुलगा तुरुंगात नाहीसा झाला. दुसरीचा मुलगा सक्तीने सैन्यात भरती होऊन कुठल्याशा ठाण्यावर नाहीसा झाला. सूरह हुजुरातमध्ये परस्परांशी लढणाऱ्या दोन गटांनाही अल्लाहने ईमानवाले म्हटले आणि त्यांच्यात न्यायाने समेट घडवण्याचा आदेश दिला. अपराध्याला शासन व्हावे. न्यायाविना समेट टिकत नाही. पण मातेचे रडणे कोणत्या बाजूचे आहे हे विचारून मग सांत्वन करायचे, ही रीत ईमानवाल्यांची नव्हे.

तिसरे कर्तव्य आपल्या अगदी हाताशी आहे. मय्यतीच्या घरी आपण जेवण पोहोचवतो. बेपत्ता माणसाच्या घरी कुणी पोहोचवत नाही, कारण तेथे ‘काही झालेले’ नसते. शेजारी चुकवून जातात, काय बोलावे कळत नाही म्हणून. बोलण्याची गरजही नसते. त्याचे नाव घ्या, तो कसा होता ते विचारा, मुलांची फी भरली की नाही ते पाहा, कचेरीत तिच्यासोबत जा. आणि ‘सब्र करा’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारा, की मी हिला धीर देतो आहे, की गप्प बसवतो आहे?

हे अल्लाह, ज्यांची माणसे जिवंत आहेत त्यांना ती भेटव. ज्यांची गेली आहेत त्यांना निदान एक कबर आणि एक तारीख दे. जे वाट पाहतात त्यांच्या डोळ्यांना बळ दे, जे उठून पुढे चालू लागले त्यांच्या पावलांना बळ दे, आणि त्यांना एकमेकांविषयी कटुता येऊ देऊ नकोस. आमीन.